हाडातलं पेव

निपाणी-चिकोडीकडच्या जुन्या वाड्यांतून पेवं असत. आमच्या आजोबांच्या वाड्यातही होतं. जमिनीत खोल खणलेलं. जोंधळा भरला की तोंडावर फरशी आणि वर शेणमातीचा लेप. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. दोराला कंदील बांधून सोडायचा. विझला, तर माणसानं जायचं नाही. कोंडलेलं धान्य आतला प्राणवायू ओढून घेतं, म्हणून किडीलाही तिथं जगता येत नाही, हे मी पुढं वर्गात शिकवू लागलो.

यंदा पेव आठवलं ते भाच्याच्या आजारपणात. रक्ताचा कर्करोग. मुंबईला औषधांनी त्याची अस्थिमज्जा रिकामी केली आणि थोरल्या भाचीच्या मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्या, पिशवीतून त्याच्या शिरेत सोडल्या. त्यांची आई, बेळगावची माझी धाकटी बहीण, म्हणाली, "अण्णा, शिरेत सोडलेलं हाडात कसं पोचायचं? वाट कोण दाखवणार?"

वाट दाखवणारं असतं. मज्जेतल्या पेशी एक द्रव्य सोडतात, त्याच्या मागानं मूलपेशी येतात. पण मला नवल वाटलं ते त्या राहतात त्या जागेचं. हवेत प्राणवायू 21 टक्के. 2014 साली जिवंत उंदरांच्या मज्जेत तो मोजला, तर काही ठिकाणी दीड टक्काही भरला नाही. रक्तवाहिन्यांचं जाळं तिथं दाट आहे. पण पेशींची गर्दीच प्राणवायू संपवते, पेवातल्या जोंधळ्यासारखी. अशा जागी मूलपेशी बहुतेक काळ निजून असते. क्वचितच विभागते, साखर प्राणवायूविना मोडून भागवते. प्राणवायू वाढला की कामाला लागते आणि लवकर खर्ची पडते.

हा तुटवडा पेशीला कळतो कसा, या शोधाबद्दल सेमेंझा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना 2019 चं नोबेल मिळालं. पेशीत एक प्रथिन सतत बनत असतं. प्राणवायू असला की त्याच्यावर खूण होते नि ते मोडीत निघतं; नसला की टिकतं आणि केंद्रकात जाऊन काटकसरीचे हुकूम सोडतं. कंदिलाच्या उलट कारभार!

2015 साली अमेरिकेत ब्रॉक्समायर यांच्या चमूनं उंदरांची मज्जा आणि मानवी नाळेतलं रक्त बाहेरची हवा लागू न देता, 3 टक्के प्राणवायूत गोळा केलं. मूलपेशी कितीतरी अधिक हाती आल्या. म्हणजे नेहमीच्या हवेत काढताना त्यांतल्या बऱ्याच हातच्या जातात. हे मी बहिणीला सांगितलं नाही. त्या दिवसांत तिला आकडे नको होते.

पेवाची उपमा एका जागी लंगडते. आजी पेरायचं बी पेवात कधी ठेवत नसे; ओल नि ऊब लागून उगवण मरते, म्हणून ते राखेत घोळून निराळ्या मडक्यात. मूलपेशी मात्र त्या काळोखात बी म्हणूनच टिकते.

सोळाव्या दिवशी भाच्याच्या पांढऱ्या पेशी वर येऊ लागल्या. बहिणीचा फोन आला, "पोचल्या म्हणायच्या ना, अण्णा?" मी हो म्हटलं. शंभर दिवस जपायला सांगितलं आहे, आज एकेचाळिसावा.