भरतपूरचे घना रान

मथुरा-वृंदावनाच्या यात्रेस जाणारी आपल्याकडील बहुतेक मंडळी आग्र्याचा ताजमहाल पाहून माघारी फिरतात. भरतपूरला सहसा कोणी उतरत नाही. वास्तविक पानिपतावरून परतणाऱ्या मराठ्यांस ज्या सूरजमल जाटाने अन्न, वस्त्र व आश्रय दिला, त्याचेच हे नगर. गेल्या पौषात आम्ही सहकुटुंब तेथे दोन दिवस राहिलो, ते मात्र नगरालगतचे केवलादेव घना हे पक्ष्यांचे रान पाहण्यासाठी.

रान म्हटले तरी ते मनुष्याच्या हातचे आहे. सूरजमलाने गंभीर व बाणगंगा या नद्यांचे पाणी अडवून अजान बांध घातला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने ते पाणी पाटांनी या सखल भूमीत आणून सोडले. हेतू एवढाच की, पाहुण्यांस बदकांची शिकार मिळावी. केवलादेवाच्या देवळापाशी शिकारींची नोंद असलेला शिलालेख आहे. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले! सौ.नी विचारले, "एवढे खाल्ले तरी कोणी हो?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

आज तेथे बाभळींवर चित्रबलाकांची घरटी दिसतात, सारसांची जोडी चिखलात संथपणे फिरते. आणि संस्कृत काव्यात जन्मभर वाचलेला चक्रवाक आम्ही येथेच प्रथम डोळ्यांनी पाहिला. रंग केशरी, आवाज मात्र कवींनी सांगितल्याइतका करुण वाटला नाही.

१९८२ साली हे राष्ट्रीय उद्यान झाले व गुरचराईस बंदी आली. त्यावरून दंगा होऊन गोळीबारात काही ग्रामस्थ प्राणास मुकले. आणि पुढे काय झाले? बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात आढळले की, म्हशी गेल्यामुळे गवत बेसुमार माजून उघडे पाणीच आटोपले, आणि त्याचा उपद्रव पक्ष्यांसच झाला! शेवटी त्याच गावकऱ्यांस गवत कापून नेण्याची मुभा द्यावी लागली. ज्यांस शत्रू मानले ते गुराखी या रानाचे एक अंगच होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे संकट पाण्याचे. गंभीर नदीवर वर पांचना धरण झाले. २००४ साली तेथील शेतकऱ्यांनी पाणी सोडण्यास विरोध केला, आणि तळी कोरडी पडली. शेतकऱ्यांस दोष देणे आपणांस सोपे आहे. त्यांचीही शेते तहानलेलीच होती. हल्ली गोवर्धन नाल्याचे व चंबळेचे पाणी नळांनी येते, आणि रान पुन्हा भरले आहे. सैबेरियाहून येणारे शुभ्र क्रौंच मात्र २००२ नंतर आले नाहीत. आमचा वयस्कर रिक्षावाला ते कोठे उतरत, ती जागा न विचारता दाखवी.

जाणाऱ्यांनी मार्गशीर्ष-पौषात जावे, लोकरीचे कपडे भरपूर न्यावे, पहाटेच आत शिरावे. आणि निघण्यापूर्वी यंदा पाणी सोडले आहे की नाही, याची चौकशी अवश्य करावी.