ऐकणाऱ्याच्या घरचा दोष

नाशिकास आलेला पाहुणा पांडवलेण्यांत गेला म्हणजे तेथील दगडी दालनांत एखादी हांक मारून पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. हांक भिंतींवर आदळून घुमते, आणि मारणाराला आपला आवाज होता त्याहून भारदस्त वाटूं लागतो. याचें कारण असें कीं, ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर धांवतो. भिंत १७ मीटरांहून जवळ असली म्हणजे तो एकदशांश सेकंदाच्या आंत परत येतो, आणि इतक्या लवकर आलेला आवाज आपला कान मूळच्या आवाजापासून निराळा काढीत नाहीं. भिंत दूर असली तर मात्र हांक संपल्यावर दुसऱ्याच कोणीं ओ दिल्यासारखें वाटतें. त्याचीहि गंमत वाटते, कारण तेव्हां आपण गप्प उभे असतों. परंतु बोलणें चालूं असतांना आपलेंच मागचें वाक्य आपल्या कानावर येऊं लागलें, तर ती गंमत राहत नाहीं. ती शिक्षा होते.

हें नुसतें कल्पनेचें बोलणें नव्हे. अमेरिकेंतील बर्नार्ड ली यांनीं १९५० सालीं याविषयींचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. बोलणाराच्या कानांत त्याचाच आवाज किंचित् उशिरानें सोडला, कीं चांगला बोलका माणूसहि अडखळतो, अक्षरें लांबवितो, आणि कित्येकदां थांबतो. असा उशीर सुमारें एकपंचमांश सेकंदाचा असला म्हणजे त्याचा त्रास सर्वांत अधिक होतो, असें पुढें आढळून आलें. दूरच्या माणसाशीं संगणकावरून बोलतांना आवाजाला जाण्यायेण्यास इतका किंवा याहून अधिक वेळ सहज लागतो.

आमची एक आत्या इंदुरास असते. तिचें वय ८४ आहे. तिच्या तोंडीं जात्यावरच्या पुष्कळ ओव्या आहेत. त्या तिला आपल्या आजेसासूबाईंकडून मिळाल्या, आणि कागदावर त्यांतली एकहि उतरलेली नव्हती. म्हणून दर रविवारीं सकाळीं ती तिकडे म्हणे आणि आम्ही इकडे नाशकांत संगणकापुढें बसून उतरून घेऊं, असा क्रम ठरला होता. एके रविवारीं तिनें पहिली ओवी सुरू केली आणि अर्ध्या चरणावर ती थांबली. पुन्हां सुरू केली, पुन्हां थांबली. "अरे, माझ्या मागून कोण म्हणतंय?" असें तिनें विचारलें. आम्ही म्हटलें, "आत्या, इथं कोणी नाहीं. तूं म्हण." चौथ्या वेळीं ती म्हणाली, "कोणी वेडावून दाखवल्यासारखं होतं रे. राहूं दे आज." पुढच्या रविवारीं ओव्यांचा विषय काढला, तर ती पावसापाण्याचें बोलूं लागली. ज्या घरांत वडील माणसें आहेत, त्या घरीं 'आज राहूं दे' या शब्दांचा अर्थ समजावून सांगावयास नको.

यांत चमत्कार असा कीं, आम्हांला वावगें असें कांहींच ऐकूं येत नव्हतें. तिचा आवाज स्वच्छ येत होता. अशा वेळीं दोष पलीकडच्या यंत्रांत, किंवा पलीकडच्या म्हाताऱ्या कानांत असावा, असा तर्क कोणासहि सहज सुचतो. पण वस्तुस्थिति बहुधा त्याच्या उलट असते. ज्याला आपला आवाज परत ऐकूं येतो त्याच्या घरीं दोष नसतो. त्याचें बोलणें जेथें पोंचतें तेथें तो असतो. आत्याचा आवाज नाशकास आमच्या यंत्राच्या तोंडून निघे, आणि त्याच यंत्राच्या कानांत शिरून पुन्हां इंदुरास जाई. आजार आमच्या घरीं, आणि वेदना तिच्या घरीं!

यंत्राच्या तोंडून त्याच्या कानांत जाण्यास आवाजाला वाटा तीन. पहिली हवेची. स्पीकरचा आवाज खोलींत पसरतो आणि मायक्रोफोन तो टिपतो. दुसरी तारेची. हेडफोन आणि त्यालाच जोडलेला मायक्रोफोन यांची परतीची तार पुष्कळदां एकच असते. ती किंवा तिचें टोंक सदोष असलें म्हणजे एकाचा प्रवाह दुसऱ्यांत झिरपतो. तिसरी वाट खुद्द संगणकाच्या पोटांतली, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

आमच्या संगणकावर लिनक्स आहे. १९९१ सालीं फिनलंडच्या लिनस टोर्वाल्ड्स यानें आरंभिलेल्या या प्रणालींत आवाजाची ने-आण पाहणारा एक निराळा कारभारी असतो. पूर्वीं हें काम बहुतेक ठिकाणीं पल्सऑडिओ करी, अलीकडे पाइपवायर करतो. हा कारभारी प्रत्येक स्पीकरमागें एक 'मॉनिटर' ठेवतो. स्पीकरकडे जें जें जाईल, त्याची तंतोतंत प्रत हा मॉनिटर पुढें करतो, आणि मायक्रोफोनांच्या पंक्तीला तोहि येऊन बसतो. संगणकावर वाजणारें गाणें किंवा व्याख्यान टिपून ठेवावयाचें असल्यास ही मोठीच सोय आहे. शिवाय ध्वनिपत्रांतहि, म्हणजे साउंड कार्डांत, कधीं कधीं 'लूपबॅक मिक्सिंग' नांवाची कळ असते. ती चालूं असली कीं बाहेर जाणारा आवाज आंत येणाऱ्या आवाजांत मिसळतो. आल्सामिक्सर उघडून ती बंद करतां येते.

तीन वाटांपैकीं आपली कोणती, हें ठरविण्याची रीत सोपी आहे; ती म्हणजे एकेक वाट बंद करून पाहणें. दोष असणाराला तो ऐकूं येत नसल्यामुळें त्यानें आपलेंच बोलणें मुद्रित करून मग ऐकावें. त्यासाठीं दुसऱ्या कोणास तिष्ठत बसविण्याचें कारण नाहीं. आम्ही संगणकावर एक गाणें लावलें, हेडफोन घातला आणि मुद्रण सुरू केलें. ऐकून पाहतां गाणें होतेंच. म्हणजे वाट हवेची नव्हे. मग मायक्रोफोनाची तार, जी आमच्या येथें हेडफोनाहून निराळी आहे, ती उपटून ठेवली. तरीहि गाणें होतें तसेंच उमटलें. मायक्रोफोन जागेवर नसतांना जो आवाज मुद्रित होतो, तो पोटांतल्या वाटेनेंच येत असला पाहिजे.

मग 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' नांवाचें साधन उघडलें. हें पाइपवायरबरोबरहि चालतें. त्याच्या 'रेकॉर्डिंग' या पानावर, या घटकेस कोणता कार्यक्रम कोणाचें ऐकत आहे, याची यादी दिसते. मात्र तो कार्यक्रम त्या वेळीं चालूं असावा लागतो. तेथें उलगडा झाला. ओव्या म्हणणारी आत्या आणि मधूनमधून शब्द विचारणारे आम्ही, असे दोघांचेहि आवाज एकाच मुद्रणांत यावेत म्हणून आमच्या पुतण्यानें मागें मायक्रोफोन आणि स्पीकरचा मॉनिटर यांचे प्रवाह एका काल्पनिक स्पीकरांत एकत्र सोडून ठेवले होते. मुद्रणापुरती ती व्यवस्था उत्तम होती. प्रणालीची नवी आवृत्ति आल्यावर संगणकानें मात्र त्या मिश्र प्रवाहालाच घरचा मुख्य मायक्रोफोन मानलें, आणि बोलण्याच्या कार्यक्रमानेंहि तोच उचलला. जी सोय आत्याचा आवाज जपण्यासाठीं केली होती, तिनेंच तो थांबविला होता! यादींत खरा मायक्रोफोन निवडला, 'इनपुट डिव्हाइसेस' या पानावर त्यालाच मुख्य ठरविलें, आणि काम झालें. ज्या घराचे नळ भिंतींत बुजविलेले नसतात, त्या घरची गळती शोधणें सोपें जातें. लिनक्सचा हा गुण आम्हांस त्या दिवशीं चांगलाच उपयोगी पडला.

त्यानंतरच्या रविवारीं आत्यानें आरंभींच विचारलें, "गेला का रे तो मागून म्हणणारा?" गेला असें आम्ही सांगितलें. तरी पहिली ओवी तिनें दबकतच म्हटली. दुसरीपासून ती आपल्या लयींत आली, आणि त्या सकाळीं सात ओव्या कागदावर उतरल्या.

ज्यांची वाट हवेची असेल, त्यांना हेडफोन हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पण चार माणसें मिळून बोलावयास बसलीं म्हणजे तो चालत नाहीं. तेथें निराळी युक्ति लागते. भारतांत जन्मलेले मन मोहन सोंधी यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत असतांना १९६७ सालीं ती एका निबंधांत मांडली. स्पीकरकडे काय गेलें हें यंत्राला ठाऊक असतें. तो आवाज परत येतांना त्याचें रूप कसें बदलतें, याचा अंदाज यंत्रानें क्षणोक्षणीं सुधारीत राहावयाचा, आणि मायक्रोफोनांत आलेल्या आवाजांतून तेवढा भाग वजा करावयाचा. वजाबाकीनंतर उरतें तें आपलें स्वतःचें बोलणें. पल्सऑडिओ आणि पाइपवायर या दोहोंतहि 'एको कॅन्सल' या नांवानें ही सोय आहे, आणि बोलण्याचे बहुतेक कार्यक्रम तिचा उपयोग आपण होऊनच करतात.

दूरचें बोलणें सुरू करतांना आपल्याकडे एक प्रश्न ठरलेला आहे: "माझा आवाज येतोय ना?" प्रश्न योग्यच आहे, परंतु त्यांत चौकशी असते ती आपल्या आवाजाची. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारण्याची चाल पडावी, असें आम्हांस वाटतें: "तुमचा आवाज तुम्हांला परत येत नाहीं ना?" आपल्या घरच्या या दोषाची बातमी आपल्याला दुसरीकडून मिळणें कठीण आहे; ती फक्त समोरचाच देऊं शकतो. आणि वडील माणसें ती विचारल्यावांचून देत नाहींत. तीं आपल्या कानांना किंवा वयाला दोष देतात, आणि हळूच गप्प होतात.