रविवारचा दीड तास

आठवड्याच्या एकुलत्या एक सुटीतला दीड तास चर्चमधील उपासनेला देणे सार्थकी लागते काय, हा प्रश्न आज बहुधा प्रवचनाच्या अंगाने विचारला जातो, आणि तसा विचारला तर उत्तर नकारार्थी येते. कारण नामांकित वक्त्यांची प्रवचने घरबसल्या मोबाइलवर ऐकता येतात आणि आपल्या पाळकाचे, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या धर्मगुरूचे, प्रवचन दर रविवारी रंगेलच असे नाही. परंतु ख्रिस्ती लोक सुरुवातीपासून केवळ प्रवचनासाठी एकत्र येत नव्हते.

इ. स. १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून आपल्या श्रद्धेचे समर्थन लिहिले, त्यात रविवारच्या सभेचे वर्णन आहे. शहरातले आणि खेड्यांतले लोक एका ठिकाणी जमत, प्रेषितांच्या आठवणी व संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जात, प्रमुख बोध करी, सर्वजण उभे राहून प्रार्थना करीत, भाकर व द्राक्षारस वाटला जाई, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांच्याकडे पोहोचवीत; जमलेले दान अनाथ, विधवा, आजारी व बंदिवान यांच्या कामी येई. या वर्णनात गैरहजर माणसाचीही गणती आहे, आणि उपासनेचे खरे मर्म तिथेच आहे. शिवाय तेव्हा रविवार सुटीचा नव्हता; सम्राट कॉन्स्टंटाइनने तो विश्रांतीचा दिवस ठरवला ३२१ साली. त्याआधीच्या पिढ्यांनी हा वेळ कामाच्या दिवसातून काढला होता.

मराठी मंडळ्यांत या उपासनेला गाण्याचे मोठे बळ लाभले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-अभंगांच्या वळणाची गीते रचली आणि ती ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून घरोघर गेली. पेटीचा सूर लागताच पुस्तक न उघडता गाणारी आजी, तिच्या आवाजामागून चाचपडत येणारा नातू, आणि गीत संपल्यावर कोण इस्पितळात आहे, कोणाच्या घरी दुःख झाले आहे, हे नावानिशी सांगून केली जाणारी प्रार्थना, यांतले काहीही पडद्यावर घडत नाही. तिथे ऐकणारा असतो, पण तो आला नाही हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून नुसते ऐकायला जाणाऱ्याचा दीड तास बव्हंशी वाया जातो, आणि गाणाऱ्याचा, इतरांसाठी प्रार्थना करणाऱ्याचा, रिकामी जागा पाहून दुपारी त्या घरी जाणाऱ्याचा पुरेपूर सार्थकी लागतो. ज्या मंडळीत महिनाभर न आलेल्या माणसाची चौकशी होत नाही, तिने लोकांकडे वेळ मागण्याआधी येत्या रविवारी आपली हजेरी तपासावी.