सांगानेरची संध्याकाळची हजेरी

जयपूरजवळच्या सांगानेरला आम्ही गेलो ते संघीजींच्या मंदिरात भगवान आदिनाथांच्या दर्शनासाठी. परतताना रिक्षावाला म्हणाला, "बाबूजी, ज़रा जल्दी कीजिए, हाज़िरी का समय है." कसली हजेरी, असे विचारताच त्याने शांतपणे सांगितले, "जेल की." पत्नीने पर्स नकळत जवळ ओढली, खरे सांगायचे तर मीही खिसा चाचपला.

तो तेथील संपूर्णानंद खुल्या बंदी शिबिराचा कैदी होता. १९६३ साली सुरू झालेल्या या वसाहतीत शिक्षा झालेले कैदी बायकामुलांसह राहतात, दिवसा बाहेर कामाला जातात आणि स्वतःच्या कमाईवर संसार चालवतात. सरकार जेवण देत नाही. सकाळ-संध्याकाळची हजेरी मात्र चुकवायची नाही. रोजचा कारभार कैद्यांचीच पंचायत पाहते. शिक्षेचा काही काळ बंद तुरुंगात काढून, वर्तणूक पाहूनच येथे पाठवतात.

अशा जागेला 'किमान सुरक्षेचा तुरुंग' म्हणतात. अमेरिकेतील या वर्गाच्या शिबिरांनाही कुंपण नसते किंवा नाममात्र असते. पण तेथे कैद्याचा संसार त्याच्याबरोबर नसतो. आपल्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ साली वसवलेले स्वतंत्रपूर याच जातीचे; शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ची प्रेरणा तेथली.

तरी 'किमान' हा शब्द मला पटत नाही. बँकेत तारणाशिवाय कर्ज मंजूर करताना माझी लेखणी अडखळत असे. येथे तारण भक्कम आहे: पळाला तर घर, रोजगार, मुलांची शाळा सगळे सुटून पुन्हा बंद कोठडी. भिंत पाडलेली नाही. ती कैद्याच्या मनात बांधली आहे.

गुन्हा मी विचारला नव्हता. त्यानेच सांगितला. जमिनीच्या वादात सख्ख्या चुलतभावाचा जीव गेला होता. त्या चुलतभावाचीही बायकामुले असतील आणि त्यांच्या घरी कोणी परतणार नाही, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. त्याला ते ठाऊक असावे. पुढे तो काही बोलला नाही.

उतरल्यावर त्याने उरलेले पैसे मोजून हातावर ठेवले आणि घाईने रिक्षा वळवली. पत्नी म्हणाली, "अहो, उद्या स्टेशनवर जायला यालाच सांगूया का? सकाळची हजेरी झाल्यावर येईल."

मी लगेच उत्तर दिले नाही. मग हाक मारून त्याचा नंबर घेतला.