वासराला आत घ्या

बिबवेवाडी, पुणे
गुरुवार, रात्री

चि. बाळास,

रोज तीन-तीन प्रवचनं ऐकूनही मन ठिकाणावर येत नाही, मग गुरू शोधू तरी कुठे, असं तू विचारलंयस. पत्र दोनदा वाचलं.

तुझे काका गेले तेव्हा मीही पहाटेपासून मोबाइलवर प्रवचन लावून ठेवायची. बोलणारे जाणते होते, त्यांना नावं ठेवणार नाही. पण मला रडू का येत नाही, हे त्यांना कसं विचारणार? शेवटी शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजींकडे गेले. त्या मेथी निवडत होत्या. अर्धी जुडी माझ्यापुढे सारली आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "रात्री झोप लागते का गं?" तिथेच रडले मी.

संत बहिणाबाई आठव. जन्म १६२८चा. अकरा-बारा वर्षांची पोर, कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला जायची. एका तोंडाने गावभर पोचायचं त्या काळचं साधन ते. तुकोबांचे अभंग तिने तिथेच ऐकले. तिचं लाडकं वासरू एकदा गर्दीमुळे बाहेर काढलं आणि ते हंबरायला लागलं. स्वामींनी विचारपूस केली, वासराला आत घ्यायला लावलं, त्याच्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढ्यावरून घरी नवऱ्याचा मार खाल्ला तिने! तिच्या आत्मचरित्रपर अभंगांत आहे हे सगळं. मोबाइलमधल्या आवाजाला बाहेर हंबरणारं वासरू ऐकू येत नाही गं.

पुढे तुकोबांनी तिला स्वप्नात उपदेश केला. (तुकोबांनाही त्यांच्या गुरूंचा, बाबाजींचा उपदेश स्वप्नातच झालेला.) स्वप्नातला का होईना, तो तिच्या एकटीसाठी होता. तरीही ती देहूला गेलीच, त्यांना डोळ्यांनी पाहायला.

आज सातारा रस्त्यावर शंकर महाराजांच्या मठात गेले होते. महाराजांनी १९४७ साली देह ठेवला, पण समाधीपुढे माणसं अजून हळू आवाजात आपापलं सांगत उभी असतात. माझ्यापुढची बाई तर किती वेळ बोलत होती. मागच्या कुणीही तिला 'पुढे सरका' म्हटलं नाही.

चार दिवस ये. आजींना आता जिना उतरवत नाही, आपणच वर जाऊ. गेल्या गेल्या काही विचारू नकोस, नुसती बस त्यांच्याजवळ.

तुझी,
मावशी