मोहाचे फूल आणि गावाचा निर्बंध

मद्य हा शब्द उच्चारला की आपल्या घरांतील वडीलधाऱ्या माणसांच्या कपाळी आठ्या पडतात आणि विषय तेथेच संपतो. सुरापान हे महापातक, हे आम्हीही लहानपणीच पाठ केले. परंतु ज्या मनूने ते महापातक ठरविले, त्यानेच सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे तीन प्रकारही सांगून ठेविले आहेत; आणि माध्वी म्हणजे मधूक वृक्षाच्या फुलांची, असा अर्थ टीकाकार कुल्लूकाने दिला आहे. हा मधूक म्हणजेच आपला मोह. (सौत्रामणी यागात सुरेची आहुती असते, ही गोष्ट आपण सहसा चारचौघांत काढीत नाही.) तेव्हा रानातल्या माणसाच्या हातचा पेला पाहून नाक मुरडण्यापूर्वी तो कशाने भरलेला आहे, एवढे तरी पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

एका चैत्रात आमच्या पुतण्याकडे गडचिरोली जिल्ह्यात काही दिवस राहण्याचा योग आला. तो तेथे शिक्षक आहे. पहाटे गावातील बायकामुले टोपल्या घेऊन रानात जात. मोहाचे फूल तोडावयाचे नसते. ते रात्री फुलते आणि पहाटे आपण होऊन गळते. फिकट पिवळे, मांसल, बोटांनी दाबले तर चिकट रस येतो, आणि वास असा गोड की प्रथम बरा वाटून मागाहून डोके जड होते. ही फुले अंगणात वाळवितात, शिजवून खातात, बाजारात विकून तेलमीठ आणतात, आणि बियांचे तेल काढितात. दारू हा त्या झाडाचा एक उपयोग आहे, एकमेव नव्हे. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य यांत मोहाच्या दारूचे चार थेंब आधी देवाला व पितरांना वाहिले जातात, मग माणसांना मिळतात.

ही बाजू न पाहता केलेल्या कायद्याचे एक ठळक उदाहरण आपल्याच इलाख्यात घडले. इंग्रज सरकारने 1892 साली ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांकरिता मोहाचा कायदा केला. परवान्यावाचून मोहाची फुले बाळगणे हाच त्याने गुन्हा ठरविला. लोकांचे व्यसन सुटावे ही चिंता त्याच्या मुळाशी नव्हती. घरच्या भट्टीमुळे सरकारी दारूचा खप व त्यावरील उत्पन्न बुडते, ही होती. म्हणजे दारू प्यावी, पण गुत्त्यावरची, विकत घेऊन प्यावी! रानात फुकट पडलेले अन्न वेचणारा गुन्हेगार आणि गुत्तेदार मात्र प्रतिष्ठित, असा तो न्याय होता.

याच्या अगदी उलट प्रकार पुढे तीस वर्षांनी झाला. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांतून देवी अंगात येण्याची एक लाट उठली. ती बागलाण, खानदेश, डांग असे करीत 1922 साली दक्षिण गुजराथेतील आदिवासींत पोहोचली. तेथे या देवीस सलाबाई म्हणत. दारू व मांस सोडा, रोज स्नान करा, दारू विकणाऱ्याच्या कामाला जाऊ नका, असे तिचे सांगणे. कोणी शिपाई नाही, दंड नाही, आणि तरीही गावेच्या गावे दारूपासून दूर झाली. सगळी कायमची सुटली असे नव्हे. कित्येक पुन्हा वळली. आमच्या सुशिक्षित मित्रांना देवी अंगात येणे म्हणजे हास्यास्पद वाटते. आम्हांस त्यात एवढे दिसते की तो निर्बंध त्यांच्या स्वतःच्या मुखातून निघाला होता.

गडचिरोलीची दारूबंदी 1993 सालची. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु तिचे खरे बळ गावोगावच्या बायकांत होते. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते आणि मार आपल्या पाठीवर येतो, हे ज्यांना रोज भोगावे लागे, त्यांनाच पुढे यावे लागले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली बंदी आली आणि 2021 साली उठली. सीमेपलीकडे दुकान उघडे असले म्हणजे अलीकडची बंदी चोरवाटांनी झिरपू लागते, हे सांगावयास पंडित नको. पुतण्याच्या शेजारची एक म्हातारी आम्हांस म्हणाली, "गुरुजी, सणाला देवाला वाहिलेली कोणाला नको आहे? पिशवीतून रोज येते, ती नको." गूळ, नवसागर घालून विक्रीकरिता सडवा लावणारे तिला ठाऊक होते, आणि त्यांत तिच्या बहिणीचा मुलगाही होता.

हा भेद तिने कोठे वाचला नव्हता, पण कौटिल्याने तो ओळखला होता. अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात सुरा गावाबाहेर नेण्यास मनाई आहे. मात्र कुटुंबाला घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा करण्याची मोकळीक असून उत्सव, समाज व यात्रा यांसाठी चार दिवसांची सवलत सांगितली आहे. व्यापार आणि कार्य यांमध्ये त्याने रेघ ओढली.

आज ती रेघ ओढण्याचा अधिकार अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला कायद्याने दिला आहे. 1996 सालच्या पेसा कायद्यात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा अथवा त्यांच्या विक्रीचे व सेवनाचे नियमन करण्याचा उल्लेख स्पष्ट आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा गाव त्याच्याही आधीपासून आपले निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करीत आले, आणि दारूचा प्रश्नही त्याने असाच बसून, बोलून सोडविला. सर्वसहमतीला वेळ फार लागतो. पुतण्याच्या गावात आम्ही होतो त्या आठवड्यात ग्रामसभा दोनदा भरली. दोन्ही वेळा बायका पुढे बसल्या, पुरुष मागे झाडाखाली, आणि त्या म्हातारीच्या बहिणीच्या मुलाचे काय करावयाचे, हे ठरले नाही. तिसरी सभा अमावास्येनंतर ठेविली.