माले दोन भाऊ शेतस

धुळ्याच्या देवपुरात इंग्रजी शिकवताना माझा सर्वांत जास्त वेळ 'हॅव' या क्रियापदावर जातो. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी अहिराणी बोलतात. 'माले दोन भाऊ शेतस' हे मूल सहज सांगतं. तेच इंग्रजीत सांग म्हटलं की अडतं. अहिराणीत भाऊ कर्ते असतात, सांगणारा 'माले' म्हणत बाजूला उभा असतो. इंग्रजी त्याला पुढे ओढते : आय हॅव टू ब्रदर्स.

मराठीत तरी या क्रियापदाला जोड कुठे आहे? आपण नातं पाहून बोलतो. मला भाऊ आहे, माझ्याकडे पैसे आहेत, माझ्याजवळ पेन आहे, गाईला शिंगं आहेत. भाऊ सुरतेला असला तरी 'मला' आहेच; पेन घरी राहिलं की ते 'माझ्याजवळ' नाही. हे बारकावे मुलं शाळेत यायच्या आधीपासून पाळतात. म्हणून 'हॅव म्हणजे जवळ असणे' असं फळ्यावर लिहायला माझा हात धजत नाही. आधी मी त्यांच्याच बोलीतली वाक्यं वदवून घेतो.

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' या वाक्याचं खापर लोक मातृभाषेवर फोडतात. मला दोष शिकवण्याचा वाटतो. रोजच्या सवयीला साधा वर्तमानकाळ आणि आत्ता चाललंय त्याला 'इंग', असं आपण घोकून घेतो. भाऊ तर आत्ताही आहेत! मुलाचा तर्क बिनचूक, नियमच अपुरा. चहा पिणं सुरू होतं, संपतं, म्हणून तिथे 'हॅविंग' शोभतं.

इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाच्या इथल्या संशोधन मंडळाने 1937 साली त्यांचा मराठी धातुकोश छापला. क्रियापदांची मुळं इतक्या आस्थेने जपणाऱ्या गावात इंग्रजीच्या तासाला अहिराणी दाराबाहेर ठेवलेली मला सोसत नाही.

'मला जावं लागतं' हेही 'आय हॅव टू गो' होतं, तेव्हा मुलं आपणहून सूत्र मांडतात : जिथे 'माले', तिथे हॅव. मग कुणीतरी 'माले भूक लागनी'चं 'आय हॅव हंगर' करतं. त्यावर मी लाल रेघ मारत नाही. 'आय ॲम हंग्री' आणि 'आय हॅव फीव्हर' शेजारी शेजारी लिहितो आणि तहान, झोप, राग, खोकला यांची वाटणी मुलांनाच करायला लावतो.